तीनचाकी मोटारसायकलीचे मागील दिवे

रात्रीच्या वेळी पुढे चाललेले वाहन मागून येणाऱ्या चालकाला वाहन म्हणून दिसतच नाही. त्याला दिसतात ते एक किंवा दोन तांबडे ठिपके. ते वाहन केवढे रुंद आहे, किती अंतरावर आहे, चालले आहे की थांबले आहे, या सर्व गोष्टी त्याला त्या ठिपक्यांवरूनच ताडाव्या लागतात. ठिपका एकच असला, तर पुढे दुचाकी असली पाहिजे असे तो अनुभवाने समजतो, आणि दुचाकीला लागते तेवढी वाट सोडून आपले वाहन बाजूने पुढे काढतो. ठिपके दोन असले, तर त्यांच्यामधील सर्व जागा वाहनाने व्यापलेली आहे असे तो गृहीत धरतो.

मोटारसायकलीला मागे दोन चाके जोडून जेव्हा तीनचाकी वाहन तयार केले जाते, तेव्हा या अनुमानाचा आधारच नाहीसा होतो. वाहनाची रुंदी पुष्कळ वाढते. परंतु मूळचा दिवा पूर्वीच्याच ठिकाणी, मध्यभागी, एकटाच राहतो. मागील चालकाला तो दुचाकीचा दिवा वाटतो. त्या दिव्याच्या दोन्ही बाजूंना अंधारात चाके व मडगार्डे पसरलेली आहेत, याची त्याला कल्पनाही येत नाही. म्हणून अशा वाहनाच्या दोन्ही कडांना एकेक ज्यादा दिवा बसविणे ही हौसेची नव्हे, प्राणरक्षणाची बाब होय.

दोन दिव्यांचा दुसराही एक उपयोग आहे. एकमेकांपासून १.२ मीटर अंतरावर बसविलेले दोन दिवे १०० मीटरांवरून पाहिले असता त्यांच्यामध्ये डोळ्याशी सुमारे ०.७ अंशाचा कोन होतो. ५० मीटरांवर तोच कोन १.४ अंश होतो, आणि २५ मीटरांवर पावणेतीन अंशांच्या आसपास जातो. हा कोन किती वेगाने रुंदावत आहे यावरून मागील चालक, नकळत का होईना, आपण पुढील वाहनाच्या किती वेगाने जवळ जात आहोत हे ओळखतो. एकट्या दिव्यापासून असे कोणतेही माप मिळत नाही.

दिवे विकत मिळतात आणि दोन-दोन बोल्टांनी बसतातही. अवघड असते ती त्यांच्यापर्यंत जाणारी तार. दिवा बसविल्या दिवशी तो लागतोच. सहा महिन्यांनंतर, पावसात आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर, तो लागेल की नाही हे तार कशी व कोठून नेली आहे यावर अवलंबून असते.

वाहन बदलते, तारा त्याच राहतात

आपल्या देशात मोटारसायकलीपासून तीनचाकी बनविण्याची परंपरा जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याच्या शिल्लक साठ्यातील अमेरिकन हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकली दिल्लीत मोठ्या संख्येने उपलब्ध झाल्या. कारागिरांनी त्यांच्या मागील भागी दोन चाके व प्रवाशांसाठी बाके जोडली, आणि त्या वाहनांना त्यांच्या आवाजावरून ‘फटफटी’ हे नाव मिळाले. चांदनी चौकाच्या परिसरात ही वाहने १९९० च्या दशकापर्यंत धावत होती. सौराष्ट्रातील छकडाही याच कुळातला. त्याचा पुढचा भाग मोटारसायकलीचा, आणि मागे माल व माणसे वाहून नेणारा सपाट फळ्यांचा गाडा. आज शहरांत अधिक आढळते ते दिव्यांग व्यक्तींसाठी बदललेले स्कूटर. त्यात पुष्कळदा मूळचे मागील चाक तसेच ठेवून दोन्ही बाजूंना एकेक आधारचाक बसविलेले असते. मोजली तर चाके चार भरतात, तरी लोकव्यवहारात त्यास तीनचाकीच म्हणतात.

या सर्व वाहनांत एक गोष्ट समान आहे. त्यांतील तारांचा मूळ जुडगा एका दुचाकीसाठी आखलेला असतो. किती प्रवाह वाहील, तारेची जाडी किती असावी, ती कोणत्या मार्गाने जावी, हे सर्व कारखान्यात एका मागील दिव्यासाठी ठरविले गेलेले असते. चाके वाढविणारा कारागीर आस, कमानी आणि ब्रेक यांचा विचार काळजीने करतो, कारण त्यांतील चूक लगेच दिसून येते. तारेतील चूक मात्र सावकाश पिकते.

वाहनात असे बदल करण्यास कायद्याचीही मर्यादा आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाने ठरविलेल्या मूळ रचनेत वाटेल तसे फेरफार करता येत नाहीत. दिव्यांग व्यक्तींसाठी वाहन अनुरूप करून घेण्याची तरतूद आहे. परंतु तीही नोंदणी अधिकाऱ्याच्या संमतीने. तेव्हा काम हाती घेण्यापूर्वी ही बाजू पाहून घेणे इष्ट ठरते.

प्रथम हिशेब, मग हत्यारे

सर्वसाधारण मागील दिव्याच्या बल्बात दोन तंतू असतात. एक ५ वॅटचा, सतत जळणारा. दुसरा २१ वॅटचा, ब्रेक दाबल्यावरच पेटणारा. १२ व्होल्टांच्या बॅटरीवर पहिला सुमारे ०.४ अँपिअर प्रवाह घेतो आणि दुसरा १.७५ अँपिअर. मूळच्या एका दिव्याशेजारी आणखी दोन दिवे त्याच तारेला जोडले, तर ब्रेक दाबताच तीन तंतू मिळून ६३ वॅट, म्हणजे ५.२५ अँपिअर प्रवाह मागतात. जी तार आणि ब्रेकचा जो स्विच पावणेदोन अँपिअरांसाठी बनविलेला होता, त्यावर तिप्पट भार पडतो.

तार जळून जाईल एवढा हा भार सहसा नसतो. परंतु तारेला रोध असतो, आणि रोधातून प्रवाह वाहिला की काही विद्युतदाब वाटेतच खर्ची पडतो. तांब्याच्या १ मीटर लांब व १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७ ओहम असतो. तार अर्ध्या चौरस मिलिमीटरची असली, तर तो दुप्पट, म्हणजे ०.०३४ ओहम होतो. दिव्यापर्यंत जाण्याचा मार्ग ३ मीटर व परतीचा तेवढाच धरला, तर एकूण रोध सुमारे ०.२ ओहम भरतो. ५.२५ अँपिअर प्रवाहाने त्यात एक व्होल्टाहून थोडा अधिक दाब नाहीसा होतो. बारापैकी एक व्होल्ट गेला तर काय बिघडले, असे कोणास वाटेल. परंतु तंतूच्या दिव्याचा प्रकाश दाबाच्या प्रमाणात घटत नाही; तो जवळजवळ दाबाच्या साडेतीनाव्या घाताने घटतो. दाब शेकडा ९ ने उतरला, की प्रकाश शेकडा २७ च्या आसपास उतरतो. चौथ्या भागाहून अधिक प्रकाश अशा रीतीने तारेतच राहतो आणि तारेला निरर्थक ऊब देतो.

हीच तार १.५ चौरस मिलिमीटर छेदाची घेतली, तर दाबातील घट शेकडा ३ वर येते आणि प्रकाशाची हानी शेकडा १० वर. तारेच्या किमतीतील फरक किरकोळ असतो. दिव्याच्या तेजातील फरक शंभर मीटरांवरून दिसतो.

जुन्या वाहनांत हा प्रश्न अधिक बिकट होता. युद्धकाळातील त्या हार्ले-डेव्हिडसन गाड्यांत ६ व्होल्टांची विद्युतयोजना होती. दाब निम्मा असल्यामुळे तेवढ्याच वॅटसाठी प्रवाह दुप्पट लागे. प्रवाह दुप्पट म्हणून वाटेतील घट दुप्पट. आणि मूळचा दाब निम्मा म्हणून त्या घटीचे प्रमाण पुन्हा दुप्पट. सारांश, त्याच तारेत हानी चौपट होत असे. आजही ज्याच्याकडे ६ व्होल्टांची जुनी गाडी असेल, त्याने तारेच्या जाडीत काटकसर करू नये.

परतीची वाट

विद्युतप्रवाह बॅटरीच्या एका टोकापासून निघून दुसऱ्या टोकाशी परत आला पाहिजे. वाहनांत परतीच्या वाटेसाठी पुष्कळदा लोखंडी सांगाड्याचाच उपयोग करतात, आणि कारागीर त्यास ‘अर्थ’ म्हणतात. एक तार वाचते. परंतु मूळ दुचाकीचा सांगाडा अखंड असतो, आणि जोडलेला मागील भाग मात्र बोल्टांनी, रबरी गाद्यांनी व बिजागऱ्यांनी बांधलेला असतो. मध्ये रंग असतो, वंगण असते, काही दिवसांनी गंजही असतो. रंग व रबर हे उत्तम निरोधक आहेत. असे असता या भागातून प्रवाह परत येईल असे मानणे म्हणजे दैवावर हवाला ठेवणे होय.

परतीची वाट तुटली की दिवा विझेल आणि दोष तत्काळ कळेल, असे साहजिकच वाटते. प्रत्यक्षात घडते ते याहून विलक्षण आणि अधिक धोक्याचे असते.

दोन्ही कडांचे दिवे मूळच्या तारांनाच थेट जोडले आहेत आणि त्यांची परतीची सामाईक जोडणी सुटली आहे, अशी कल्पना करावी. रात्री दिवे लावले, की ५ वॅटच्या तंतूंत प्रवाह शिरतो. सांगाड्याकडे जाण्याची वाट बंद असल्याने तो दुसरी वाट शोधतो. त्याच बल्बातील २१ वॅटचा तंतू त्याला मोकळा सापडतो. त्यातून उलट दिशेने तो ब्रेकच्या तारेत शिरतो, मधल्या मूळ दिव्याच्या ब्रेकतंतूपर्यंत पोहोचतो आणि तेथून सांगाड्यात उतरतो. जाड तंतू थंड असताना त्याचा रोध फारच अल्प असतो. तो जळत असतानाच्या मानाने जेमतेम दहावा हिस्सा भरतो. त्यामुळे वाटेत फारसा दाब खर्च होत नाही, आणि बारीक तंतू जवळजवळ पूर्ण तेजाने जळत राहतात. गाडीमागे उभे राहून पाहणाऱ्यास तीन दिवे नीट लागलेले दिसतात, आणि सर्व ठीक आहे असा त्याचा समज होतो.

आता चालकाने ब्रेक दाबला. ब्रेकच्या तारेतही १२ व्होल्ट आले. कडेच्या बल्बांतील दोन्ही तंतूंच्या बाहेरील टोकांशी सारखाच दाब झाला, आणि दाबात फरक नाही तेथे प्रवाहही नाही. कडेचे दोन्ही दिवे त्या क्षणी साफ विझतात. मधला एकटा दिवा तेवढा प्रखर होतो. मागून येणाऱ्याच्या दृष्टीने, ज्या घटकेला पुढचे रुंद वाहन वेग कमी करते, त्याच घटकेला ते आक्रसून दुचाकी होते. सर्वांत अधिक माहिती देण्याच्या वेळी दिवे सर्वांत मोठे असत्य सांगतात.

हा दोष घडण्यास एक सैल स्क्रू पुरेसा असतो. तो टाळण्याचा उपायही तितकाच साधा आहे. प्रत्येक ज्यादा दिव्याच्या होल्डरपासून परतीची स्वतंत्र तार काढावी, तिची जाडी जाणाऱ्या तारेइतकीच ठेवावी, आणि ती सांगाड्यावर न सोडता थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत न्यावी. डाव्या व उजव्या दिव्यांच्या तारा निराळ्या असल्या, तर एक सुटली तरी दुसरा दिवा सावरून धरतो. सांगाड्यास जोडणेच भाग पडले, तर त्या जागेचा रंग खरवडून धातू उघडा करावा, लग दातेरी वॉशरसह आवळावा, आणि वरून ग्रीसचा लेप द्यावा, म्हणजे पाणी व हवा आत शिरत नाही.

मूळ तारेवर ओझे नको

ज्यादा दिव्यांचा प्रवाह मूळच्या बारीक तारेतून आणि ब्रेकच्या लहानशा स्विचमधून न नेता, तो बॅटरीपासून स्वतंत्र तारेने न्यावा हे उत्तम. त्यासाठी रिलेचा उपयोग होतो. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री याने १८३५ च्या सुमारास वापरलेले हे तत्त्व अगदी सोपे आहे: लहान प्रवाहाने विद्युतचुंबक जागा करावयाचा, आणि त्या चुंबकाने मोठ्या प्रवाहाचा दरवाजा उघडावयाचा. मूळच्या ब्रेकच्या तारेला आता फक्त रिलेचे वेटोळे चालवावे लागते. त्यास एका अँपिअरचा अल्पसा अंश पुरतो. जड प्रवाह रिलेच्या संपर्कांमधून, नव्या जाड तारेने, थेट कडेच्या दिव्यांकडे जातो. सतत जळणाऱ्या तंतूंसाठी एक व ब्रेकसाठी एक, असे दोन रिले लागतात.

मधला दिवा मात्र मूळच्याच तारेवर राहू द्यावा. नवी जोडणी काही कारणाने बंद पडली, तरी जुनी शाबूत राहते; आणि जुनी बिघडली, तर निदान दोष कोठे आहे हे चटकन उमगते. रिलेमुळे नव्या व जुन्या तारा अलग राहिल्याने, वर वर्णन केलेला उलट वाटेचा खेळही होऊ शकत नाही. परतीची जोडणी सुटलीच, तर कडेचे दिवे सरळ विझतात, आणि विझलेला दिवा खोट्या दिव्यापेक्षा लवकर लक्षात येतो.

नव्या तारेच्या आरंभीच, बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात, फ्यूज बसविला पाहिजे. फ्यूज दिव्यासाठी नसून तारेसाठी असतो. तारेचे आवरण घासून तांबे सांगाड्याला टेकले, तर प्रवाहास अडविणारे काहीच उरत नाही. मीटरभर बारीक तार, बॅटरीचा अंतर्गत रोध आणि संपर्काचा रोध जमेस धरला, तरी तो सहज शंभर अँपिअरांच्या आसपास जाऊ शकतो. काही सेकंदांत आवरण वितळू लागते; आणि मोटारसायकलीत ही तार पेट्रोलच्या टाकीपासून फार दूर नसते. दोन दिव्यांचे दोन्ही तंतू मिळून सुमारे ४.३ अँपिअर प्रवाह लागतो, म्हणून ७.५ अँपिअरचा फ्यूज योग्य ठरतो. थंड तंतू पेटताना क्षणभर अधिक प्रवाह ओढतात, यासाठी एवढी मोकळीक हवी. फ्यूज वारंवार जात असेल, तर मोठा फ्यूज घालणे किंवा त्या जागी तारेचा तुकडा गुंडाळणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपविणे होय.

तार न्यावी कोठून

तारेचा मार्ग ठरविताना वाहन उभे असताना पाहून भागत नाही. ते चालत असताना कोणता भाग कोठे जातो, काय तापते, काय फिरते, पाणी कोठून उडते, हे डोळ्यांसमोर आणावे लागते.

पहिला शत्रू हालचाल. कडेचे दिवे मडगार्डावर असतील आणि मडगार्ड चाकाबरोबर वरखाली होत असेल, तर सांगाडा व चाकाची भुजा यांच्यामधील सांधा तारेला ओलांडावा लागतो. भुजा १५ अंशांनी हलते असे धरू. सांध्याच्या आसापासून ४० सेंटिमीटर दूर तार ओलांडली, तर प्रत्येक मोठ्या खड्ड्यास तिला सुमारे १० सेंटिमीटर ताण व ढील सोसावी लागते. तीच तार आसापासून २ सेंटिमीटरांवर ओलांडली, तर अर्धा सेंटिमीटरच. म्हणून सांधा नेहमी बिजागरीच्या अगदी जवळून ओलांडावा, आणि तेथे तारेचा सैल, गोलसर फेरा ठेवावा. फेऱ्याच्या दोन्ही बाजूंना तार पट्ट्याने पक्की बांधावी, म्हणजे वाकणे फक्त फेऱ्यातच होते आणि जोडांपर्यंत ओढ पोहोचत नाही.

येथे तारेचा प्रकारही महत्त्वाचा ठरतो. घरातील वायरिंगच्या उरलेल्या तुकड्यांपैकी एखादी एकसंध, जाड कांडीची तार वापरण्याचा मोह पुष्कळांना होतो. १.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या अशा कांडीचा व्यास १.४ मिलिमीटरच्या जवळपास असतो. ती ३० मिलिमीटर त्रिज्येच्या वळणात वाकविली, तर तिचा बाहेरील पृष्ठभाग शेकडा २.३ ने ताणला जातो. तेवढ्याच छेदाची तार ०.२५ मिलिमीटर जाडीच्या ३० धाग्यांची असली, तर त्याच वळणात प्रत्येक धागा शेकडा ०.४ एवढाच ताणला जातो. एकदा वाकविण्याने कांडी तुटत नाही. परंतु दर किलोमीटरला शेकडो वेळा वाकणारी कांडी थकते, आणि आवरणाच्या आत, डोळ्यांना न दिसता, मोडते. म्हणून वाहनात तार बहुधागी असावी हा नियम आहे.

दुसरा शत्रू उष्णता. सर्वसाधारण पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. सायलेन्सर व त्याची नळी यांचे तापमान याच्या कित्येक पट चढते. तार त्यांना टेकली नाही एवढ्याने भागत नाही, कारण उष्णता प्रारणाने हवेतूनही पोहोचते. सायलेन्सर ज्या बाजूस असेल, तिच्या विरुद्ध बाजूने तार न्यावी. ते शक्य नसेल, तर किमान एक वीत अंतर ठेवून मध्ये पत्र्याचा आडोसा द्यावा.

तिसरा शत्रू धार. पत्र्याला भोक पाडून त्यातून तार ओवली, की इंजिनाच्या कंपनाने त्या भोकाची कड करवतीसारखी चालू लागते. कड घासून गुळगुळीत करावी आणि भोकात रबरी ग्रोमेट बसविल्याशिवाय तार ओवू नये. चेन, फिरते चाक व ब्रेकची कांडी यांपासून तार दूर असावी. भार लादून गाडी बसली असतानाही दूर असावी. ब्रेकच्या केबलीला किंवा पेट्रोलच्या नळीला तार बांधण्याची सोय हाताशी असते, पण ती घातक आहे. पहिली सतत सरकते, आणि दुसरीच्या शेजारी ठिणगी नको.

चौथा शत्रू पाणी. तार दिव्यात किंवा जोडात शिरण्यापूर्वी एकदा खाली उतरून मग वर चढावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे थेंब खालच्या वळणावरून गळून पडतात. जोडांची तोंडे खाली असावीत. नळीतून तार नेली असेल, तर नळीच्या सर्वांत खालच्या जागी एक लहान छिद्र ठेवावे. अन्यथा ज्या नळीने तारेचे रक्षण करावयाचे, तीच पाण्याचे भांडे होऊन बसते. ओलसर तांब्यावर हिरवट गंज चढतो आणि तो धाग्यांच्या फटींतून आवरणाखाली दूरवर पसरतो.

जोड

तारेच्या मार्गात जितके जोड कमी, तितके बरे. दोन तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणे हा जोड नव्हे. उन्हात पट्टीचा चिकटपणा उतरतो, पीळ कंपनाने सैल होतो, आणि सैल संपर्काचा रोध वाढून तेथेच उष्णता निर्माण होते. डाख दिलेला जोड विद्युतदृष्ट्या उत्तम असला, तरी त्यात एक उणीव राहते. वितळलेला डाख धाग्यांमध्ये पुढे ओढला जातो आणि तेवढा भाग ताठ कांडीसारखा होतो. जेथे ताठ भाग संपून लवचीक भाग सुरू होतो, नेमकी तेथे तार मोडते. म्हणून डाख दिल्यास जोडाच्या दोन्ही बाजूंना आधार देऊन तेथे वाकणे बंद केले पाहिजे. योग्य मापाचा लग योग्य साधनाने दाबून बसविणे आणि त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढविणे ही पद्धत वाहनासाठी अधिक टिकाऊ होय. पक्कडीने कसाबसा चेपलेला लग मात्र कशालाच पर्याय नाही.

प्रत्येक तारेला निराळा रंग द्यावा आणि मागील भागाशी जाणाऱ्या सर्व तारा एकाच बहुटोकी जोडात आणाव्यात. चाक किंवा कमानी दुरुस्त करण्यासाठी मागील भाग सुटा करावा लागतो. त्या वेळी तारा कापून पुन्हा पिळण्याची पाळी येऊ नये.

दिशादर्शक दिवे आणि एलईडी

कडेला दिशादर्शक दिवेही जोडले, तर त्यांची उघडझाप बदलते. जुन्या प्रकारच्या फ्लॅशरमध्ये दोन धातूंची पट्टी प्रवाहाने तापून वाकते व संपर्क तोडते. प्रवाह बदलला की तापण्याचा वेगही बदलतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर पुष्कळदा असा केलेला असतो, की भार कमी पडताच तो बल्ब गेला असे समजून घाईने लुकलुकतो. वाढलेल्या किंवा घटलेल्या भारास जुळणारा फ्लॅशर घेणे हाच यावर उपाय आहे.

अलीकडे एलईडी दिव्यांनी पुष्कळ गोष्टी सुलभ केल्या आहेत. त्यांना तेवढ्याच प्रकाशासाठी अल्प प्रवाह पुरतो, त्यांत कंपनाने तुटणारा तंतू नसतो, आणि लहान गाडीच्या मर्यादित विद्युतजनित्रावर ओझे पडत नाही. मात्र धन व ऋण टोके उलट झाली, तर ते लागत नाहीत. काही जुन्या स्कूटरींत दिवे बॅटरीवर नव्हे, तर जनित्राच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर चालतात. तेथे ते तसेच जोडून चालत नाही. आणि मार्गाचे नियम एलईडीमुळे बदलत नाहीत. बारीक प्रवाहाची तारही चेनमध्ये सापडली तर तुटतेच.

परीक्षा

काम संपल्यावर त्याची परीक्षा उभ्या गाडीवर, एका दृष्टिक्षेपात होत नाही. सर्व दिवे लावून व ब्रेक दाबून ठेवून प्रथम बॅटरीच्या टोकांशी आणि नंतर दिव्याच्या होल्डरमध्ये व्होल्टमीटरने दाब मोजावा. दोहोंत अर्ध्या व्होल्टाहून अधिक फरक असेल, तर तार बारीक आहे किंवा एखादा जोड कच्चा आहे. त्यानंतर मीटरचे एक टोक होल्डरच्या परतीच्या बाजूस व दुसरे बॅटरीच्या ऋण टोकास लावावे. येथे दाब जवळजवळ शून्य दिसला पाहिजे. तो दिसत नसेल, तर परतीच्या वाटेत दोष आहे.

मग दिवे जळत असताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे, मागील भागावर दोन माणसे बसवून तो दाबावा व सोडावा, आणि तारा जागोजागी हलवून पाहाव्यात. कोणताही दिवा लुकलुकला, तर तो पुढील अपघाताची पूर्वसूचना देत आहे असे समजावे. अखेरीस, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, ब्रेकची परीक्षा दिवसा एकदा दिवे बंद ठेवून आणि रात्री एकदा दिवे लावून, अशी दोनदा करावी. ब्रेक दाबताच प्रत्येक दिव्याचे तेज वाढले पाहिजे. एकाचेही कमी होता कामा नये.

एवढ्या कामास एक दिवस आणि थोडा खर्च लागतो. त्यातील बहुतेक भाग पत्र्याखाली, नळीत आणि सांध्याआड कायमचा दडून जातो, व गाडी पाहणाऱ्या कोणाच्याही तो दृष्टीस पडत नाही. तथापि रात्रीच्या पावसात, मागून येणारा अनोळखी चालक जेव्हा दोन तांबडे ठिपके पाहून वेळीच आपले वाहन आवरतो, तेव्हा ते ठिपके तेथपर्यंत नेणारी त्या दडलेल्या तारेची वाट सार्थकी लागलेली असते.